लेकीची पहिली गाडी आणि साडेचार लाखांचा हिशोब

साडेचार लाख रुपये. त्यात गाडी, नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स आणि गरज पडली तर टायर, सगळं बसवायचं होतं. लेकीला अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स हातात आलं, आणि घरातला पहिला प्रश्न दीरांचा आला: "वहिनी, अ‍ॅव्हरेज किती देणारी बघताय?" पुढं जो भेटला त्यानं हेच विचारलं. फार तर "रीसेलला चांगली बघा" एवढी भर घातली.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातानंतर ऑपरेशन होऊन आलेली माणसं माझ्याकडं पुन्हा चालायला शिकतात. त्यामुळं माझे प्रश्न वेगळे होते. ब्रेक दाबला की ही गाडी सरळ थांबते का? आणि धडकलीच, तर आत बसलेल्याचं काय होतं? अ‍ॅव्हरेज मी शेवटी विचारलं. सांगली, मिरज, आठवड्याला एकदा तासगावकडं आजीच्या गावी, एवढंच लेकीचं फिरणं. त्यात लिटरमागं दोन-तीन किलोमीटर कमी-जास्त झाले तर महिन्याला काही शे रुपयांचा फरक पडतो. मोडलेल्या मांडीचा खर्च मी रोज बघते.

मांडीचं उदाहरण मुद्दाम देते. गाडी समोरून धडकते तेव्हा पट्टा न लावलेलं शरीर त्याच वेगानं पुढं जातं. गुडघा डॅशबोर्डवर आपटतो, तो जोर मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत जातो आणि खुब्याचा गोळा मागं निसटतो. कित्येक आठवडे कुबड्या, आणि पुढं खुब्याची झीज लवकर होण्याची भीती कायमची. पट्टा लावलेला असेल तर तो कमरेच्या हाडांवर जोर घेतो, म्हणून तो पोटावर नको, खाली हाडांवर बसलेला हवा. एअरबॅग पट्ट्याच्या मदतीला असते, पट्ट्याऐवजी नव्हे. पापणी लवायच्या आत ती फुगते. पट्ट्याविना पुढं झेपावलेल्या माणसाला तिचाच मार बसू शकतो.

आता एअरबॅगवाली गाडी घेतली की झालं, असं मला बरेच जण म्हणाले. तसं नाही. 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगानं धडकवून बघितल्या. बिनएअरबॅगच्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. पण त्यात एक फरक होता. ऑल्टो 800, आय10 आणि नॅनो यांचा सांगाडाच चेपला होता. तिथं एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पोलो आणि फिगोचा सांगाडा टिकला होता. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसवून धडकवली तेव्हा चार तारे मिळाले, आणि कंपनीनं बिनएअरबॅगची पोलो विकणंच थांबवलं. माणसाला जगायला आत जागा उरली पाहिजे, तरच पट्टा आणि एअरबॅग आपलं काम करतात.

आमच्या गल्लीत प्रत्येकाचं मत स्विफ्टला. त्या गाडीच्या इंजिनाला आणि सर्व्हिसला नाव ठेवायला जागा नाही, विकायला गेलं तर चार गिऱ्हाइकं दारात. पण ग्लोबल एनकॅपच्या 2018 च्या चाचणीत तिला दोन तारे मिळाले आणि 2022 च्या जास्त कडक चाचणीत एक. त्याच कंपनीच्या नव्या डिझायरनं 2024 साली पाच तारे मिळवले. म्हणून कंपनीचं नाव बघून ठरवायचं नाही, नेमकं मॉडेल आणि साल बघायचं. तारे कोणत्या वर्षीच्या चाचणीतले तेही बघायचं, कारण 2022 पासून बाजूनं बसणारा धक्काही मोजला जाऊ लागला. आधीचे चार तारे आणि नंतरचे चार तारे सारखे धरता येत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपल्या सरकारची तशीच चाचणीही सुरू झाली आहे, पण तिथल्या गाड्या बहुतेक आमच्या बजेटबाहेरच्या.

सालाचं महत्त्व आणखी एका कारणासाठी. 2019 च्या एप्रिलपासून प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि 2022 च्या जानेवारीपासून शेजारच्या सीटची. त्याआधीच्या गाडीत हे सगळं आहे की नाही ते व्हेरिएंटवर अवलंबून. एकाच मॉडेलच्या बेस गाडीत काहीच नसतं आणि टॉपमध्ये सगळं असतं, आणि विकणारा दोन्हीला "फुल लोडेड" म्हणतो. नवशिक्याच्या हाती एबीएस हवंच हवं. घाबरून ब्रेकवर पाय पूर्ण दाबला जातो, तेव्हा चाकं लॉक न होता स्टिअरिंग वळत राहतं.

तर आमची यादी तीन नावांवर आली: अल्ट्रोज, 2020 नंतरची टियागो, आणि पोलो. अल्ट्रोजला 2020 साली पाच तारे मिळाले आणि सांगाडा टिकाऊ ठरला. ती मिळाली असती तर मी डोळे झाकून घेतली असती, पण चांगल्या स्थितीतली एकही साडेचारात बसेना. टियागोला चार तारे आहेत, मात्र त्याच चाचणीत तिचा सांगाडा अस्थिर ठरला होता. राहिली पोलो. लेकीच्या मित्रांनी पोलोचंच जास्त ताकदीचं मॉडेल, जीटी टीएसआय, घे म्हणून तिचा पिच्छा पुरवला होता. ती गाडी वेगाला फार तयार आहे, आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. मी साधं 1.2 पेट्रोल इंजिन शोधलं, ज्याला ओव्हरटेकला दम लागतो. पहिल्या दोन वर्षांत ओव्हरटेक कमी झालेलेच बरे.

सांगलीत सेकंडहँड गाडी बघायची तर सगळ्यात आधी पाणी बघावं लागतं. 2019 चा आणि 2021 चा महापूर. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी. किती गाड्या जागेवर बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या काही धुऊन-पुसून परत बाजारात आल्या, काही दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन आल्या. आमच्याबरोबर ओळखीचे मिस्त्री होते. पहिली गाडी दिसायला नवी कोरी. मिस्त्रींनी दार उघडलं आणि म्हणाले, "ताई, आधी वास घ्या. अत्तर मारलंय म्हंजे कायतरी झाकलंय." मग त्यांनी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. एरवी कधी बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वितीवर चिखलाची आडवी रेघ होती. सीटच्या रुळांना गंज, डिक्कीत स्टेपनीखाली बारीक गाळ. "पाण्यातनं आल्याली हाय. चला."

पुरात बुडालेली गाडी स्वस्त मिळते, इंजिन उघडून साफ करून घेतलंय असं सांगतात, आणि इंजिन खरंच चालतंही. पण एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुधा गाडीच्या मध्यभागी, खाली जमिनीलगत असतो. पाणी पहिल्यांदा तिथं पोचतं. वायरचे सांधे आतून गंजतात आणि ते वरून कळत नाही. ज्या कारणासाठी आपण गाडी निवडतोय तेच निकामी झालेलं असतं.

एक खूण प्रत्येकाला घरबसल्या तपासता येईल अशी आहे. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही तर जास्त काळजी, कारण फुटलेली एअरबॅग बदलायचे पैसे वाचवून दिवाच काढून टाकलेला असू शकतो. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, काचांवरच्या कोडची सालं एकमेकांशी जुळतात का, हेही मिस्त्रींनी बघितलं. दुसरी एक गाडी तिथंच बाद झाली: "ह्यो बोल्ट फिरल्याला हाय, पुढनं ठोकल्याली."

शेवटी 2017 ची पोलो मिळाली, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसचे कागद जपून ठेवलेले. 3 लाख 75 हजारांना. आरसीवर बँकेचं नाव होतं, कर्ज फिटलेलं. बँकेची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचा दाखला, आणि आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय मी पूर्ण पैसे दिले नाहीत. गाडी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, जुन्या चलनांची तपासणी, हे ठरलेलंच.

इन्शुरन्सकडं लोक फार दुर्लक्ष करतात. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत पॉलिसी बदलून घ्यायला अर्ज करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही, तेव्हा तो धरून सांगितलेला हप्त्याचा आकडा खरा मानू नका. 1000 ते 1500 सीसीच्या कारला थर्ड पार्टीचा, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा, हप्ता 2022 साली वर्षाला 3,416 रुपये ठरलेला, वर जीएसटी. पण शिकाऊ चालकाच्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीवर ठेवू नये. आणखी एक: सक्तीचं 15 लाखांचं अपघात संरक्षण गाडीच्या मालकाला असतं. गाडी माझ्या नावावर आहे, चालवणार लेक, म्हणजे ते तिला लागू नाही. तिची वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी काढली.

आणि लर्निंग लायसन्सवर एकटीनं गाडी नेली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, पुढं-मागं लाल एल हवा. शेजारच्या माणसाला गाडी थांबवता आली पाहिजे, म्हणून मधोमध हाताचा ओढायचा हँडब्रेक असलेली गाडी शिकायला चांगली. माझा उजवा हात सध्या त्याच्याजवळच असतो. लर्निंगपासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, पण आम्ही घाई करणार नाही. लर्निंग सहा महिने चालतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हाती चावी देणाऱ्या पालकांना एवढंच सांगते की 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

उरलेल्या पैशातले जवळजवळ बावीस हजार टायरना गेले. नक्षी शिल्लक होती, म्हणून नवऱ्याला हा खर्च पटेना. मी त्याला टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले: 0817, म्हणजे 2017 सालचा आठवा आठवडा. गाडीबरोबर आलेले, रबर कडक झालेलं. पावसात एबीएस काय करील ते शेवटी त्या रबरावरच अवलंबून. मागच्या सीटचे पट्टे सीटखाली दाबून ठेवलेले होते, ते मिस्त्रींनी वर काढून दिले. 2022 साली टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले ते मागच्या सीटवर बसलेले असताना, आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार पट्टा न लावता. आमच्या सासूबाईंना पट्टा गळ्याला लागायचा, त्यांना बसायला थोडी उंच गादी केली. आता तो खांद्यावरून नीट जातो आणि त्याही कुरकुर करत नाहीत. डोक्यामागचा हेडरेस्ट प्रत्येकासाठी वर घ्यायचा, मानेला नव्हे तर डोक्याला टेकेल इतका. मानेचे जे पेशंट माझ्याकडं येतात त्यांना कुणी हे आधी सांगितलेलं नसतं.

आता गळीत हंगाम सुरू होईल. तासगाव रस्त्याला अंधार पडला की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्याच्या हेडलाइटनं डोळे दिपले की ती ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते, आणि ऊस बाहेर आलेला असतो तो नेमका काचेच्या उंचीला. तिथं कुठल्याच चाचणीतले तारे कामाला येणार नाहीत. म्हणून कारखाने बंद होईपर्यंत लेकीनं सूर्य मावळल्यावर गावाकडच्या रस्त्याला गाडी घालायची नाही असं ठरलंय. आजीकडं उशीर झाला तर तिथंच मुक्काम करायचा आणि सकाळी निघायचं. आजीला हा नियम सगळ्यात जास्त आवडलाय.