आजी डोळ्यांनी कापायची, मग मी सूत मोजत का बसते

गोधडीचे तुकडे मी एवढे मोजून का आणि कसे कापते, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हे मी दर वेळी तोंडी सांगते आणि निम्मं विसरते. माझी चौकोनांची गोधडी कोणी हातात घेतली की आधी बोटानं कोपरे चाचपतात, चार चौकोन एका टिंबात मिळालेत असं दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला: अगं आमच्या आजीनं कधी टेप हातात घेतला नाही, नुसत्या डोळ्यांनी कापायची, तू एवढं मोजून काय करतेस?

माझीही आजी तशीच होती, निफाडकडची, तिथली थंडी माहितीये ना. तिची एक गोधडी फाटली म्हणून मी उसवायला घेतली आणि तेव्हा कुठे मला हा प्रकार समजला. खाली आजोबांचं धोतर अंथरलेलं, त्यावर लुगड्यांचे तुकडे, प्रत्येकाच्या कडा आत मुडपलेल्या, पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवलेला आणि वरून धावदोरा. म्हणजे तुकडा बोटभर मोठा झाला तर बोटभर जास्त मुडपायचा, संपलं. आपण मशीनवर जे जोडकाम करतो त्यात वरच्या थराला खाली धोतर नसतं, तुकड्याला तुकडा कडेनं शिवायचा, मग जास्तीचं कापड जाणार कुठं? शेजारच्या तुकड्यात जातं, तिथून त्याच्या शेजारच्यात.

हे मी स्वतः भोगलंय. पहिलीच गोधडी, भाच्याच्या बारशासाठी, आठ बाय पाच म्हणजे चाळीस चौकोन, प्रत्येक साडेसहा इंची. एक चौकोन नीट कापला, तो ठेवून दुसरा आखला, दुसऱ्यावरून तिसरा, असं करत गेले. पेन्सिलीची रेघ दर वेळी केसभर बाहेर. सगळे झाल्यावर पहिला आणि चाळिसावा एकावर एक ठेवला तर चाळिसावा दोन सूत, म्हणजे पाव इंच मोठा, चांगला पावणेसात! शेवटची ओळ पहिल्या ओळीपेक्षा दीड इंचाच्या वर लांब. ओढून ताणून शिवली, मधे फुगा आला, बारशात मी ती घडी घालूनच दिली. तेव्हापासून एक साचा आणि सगळे तुकडे त्याच्यावरूनच. पुठ्ठ्याचे कोपरे दहा-बारा तुकड्यांत झिजतात, म्हणून साचा जुन्या एक्स-रे फिल्मचा करा, झिजत नाही आणि खालचं कापडही थोडंफार दिसतं.

पण खरं सांगू का, कात्री हातात यायच्या आधीच निम्मी गडबड झालेली असते. मेन रोडला दुकानदार विचारतो, ताई फाडून देऊ का कापून? मी फाडूनच मागते, कारण फाडलेलं कापड आडव्या धाग्यानं सरळ जातं, आणि घरी आणून काठाला काठ लावला की कळतं कापड किती तिरकं आहे ते. छपाईच्या रेषांवर तर अजिबात विसंबू नका, त्या धाग्याला धरून असतातच असं नाही. तिरकं असेल तर एक कोपरा मी धरते, समोरचा नवरा, आणि कोनातून कोनात ओढायचं (त्याला अजूनही वाटतं मी गंमत करतेय). त्याच्याही आधी कापड धुवून घ्यायचं, सुती आटतं, आणि आटलेलं-न आटलेलं एकत्र शिवलं की पहिल्या धुण्यात चुण्या पडल्याच. लाल, मरून वेगळं भिजवा, रंग सोडतं. मग हलकी कांजी आणि इस्त्री. कांजी केलेलं कापड सरकत नाही, कागदासारखं कापलं जातं. काठाची किनार काढून टाका, ती घट्ट विणलेली असते, शिवणीत ओढ देते. जुन्या साडीचा बसायचा भाग उजेडासमोर धरून बघा, विरला असेल तर कितीही सरळ कापा, उपयोग शून्य.

आता माप. टेलर लोक इंचाचे आठ सूत धरतात, मला ते फार सोयीचं पडतं. माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, दोन्हीकडे दोन-दोन सूत, म्हणून सहाचा तयार चौकोन हवा तर साडेसहाचा कापायचा. कोन सुताराच्या गुण्यानं, म्हणजे काटकोनी पट्टीनं, आणि दोन्ही कर्ण मोजायचे, साधारण नऊ इंच दीड सूत, दोन्ही सारखे आले पाहिजेत, नाहीतर तो चौकोन नाही, पतंग आहे. खडूला टोक काढा, बोथट खडूची रेघच एक सूत जाड असते आणि मग तुम्ही तिच्या आत कापताय की बाहेर हे तुम्हालाच माहीत नसतं. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलं राहू द्या, कापड उचलून कापलं की गेलं. मी आता गोल पात्याचा कटर वापरते, ४५ एमएमचा, खाली मॅट आणि वर अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी, चारच्या वर थर घेत नाही, आणि पट्टीवरची बोटं सांभाळा, ते पातं कापड आणि कातडं यात फरक करत नाही.

त्रिकोण असतील तर सहा इंच सात सुतांचा चौकोन कोनातून कापायचा असा हिशेब आहे, मी मात्र सरळ सात इंची घेते, त्रिकोण जोडून झाल्यावर साडेसहावर छाटते. ती तिरकी कड म्हणजे उरेब, हात लावला तरी ताणते, तिथं इस्त्री फिरवायची नाही, नुसती ठेवायची आणि उचलायची.

सगळं कापायच्या आधी तीनच तुकडे कापून जोडून बघा. मधला बरोबर सहा इंच आला तर पुढे चला, नाही आला तर बहुतेकदा दोष मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाचा असतो, सुईपासून दोन सूत मोजून सुईखालच्या पत्र्यावर टेप चिकटवा.

वेळ किती लागतो हेपण विचारता. चाळीस चौकोनांना माझी एक दुपार, त्यात प्रत्यक्ष कापणं तासभर, बाकी सगळी इस्त्री. डायनिंग टेबल तेवढं अडकतं, काल रात्री आम्ही सगळे हॉलमध्ये खाली बसून जेवलो.