वाचननोंद : खानदेशातली मोठ्याने वाचायची पुस्तके

यंदा केवळ खानदेशाशी नाते असलेली पुस्तके वाचायची, असे आमच्या अमळनेरच्या छोट्या वाचनमंडळाने वर्षाच्या सुरुवातीला ठरवले होते. आता श्रावण लागला आहे. यादीतील बरीच पुस्तके वाचून झाली आहेत, काही निम्म्यावर आहेत आणि यादीचा क्रम मात्र पार बदलून गेला आहे. क्रम बदलण्याचे कारण असे की, वाचता वाचता एक गोष्ट आमच्यापुढे हळूहळू स्पष्ट होत गेली. आपल्या मुलखाशी जोडलेली जी पुस्तके मनात खोल उतरतात, त्यांतील पुष्कळशी आधी कोणीतरी बोललेली, गायिलेली किंवा सांगितलेली आहेत आणि कागदावर ती नंतर आली आहेत. म्हणून ती मुकाट्याने, डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचावीत आणि शक्य झाले तर चार माणसांत वाचावीत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पुढील नोंद त्याच अंगाने लिहिली आहे.

प्रारंभ केला तो ‘गीता प्रवचने’ या पुस्तकापासून. विनोबा भावे यांनी ही प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले आणि शेवटचे १९ जूनला. दर रविवारी एक अध्याय या क्रमाने अठरा रविवारांत अठरा अध्याय पूर्ण झाले. समोर बसलेले श्रोते स्वातंत्र्यलढ्यातील राजबंदी होते आणि त्यांच्यात बसून साने गुरुजींनी ही प्रवचने लिहून घेतली, म्हणूनच ती आज आपल्या हाती आहेत. आम्ही मूळ वेळापत्रकच पाळायचे ठरवले. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी पहिला अध्याय वाचला आणि जूनमध्ये, मृगाच्या पेरणीची घाई सुरू असताना, अठरावा अध्याय संपवला. या पुस्तकाला हीच गती मानवते. एका बैठकीत तीन-चार अध्याय उरकणाऱ्या वाचकाला दृष्टान्तांची गर्दी जाणवते. आठवड्याला एक अध्याय वाचणाऱ्याला मात्र तेच दृष्टान्त आठवडाभर पुरतात.

चौथ्या अध्यायातील कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा आमच्याकडे सर्वांत जास्त चर्चिला गेला. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली की त्या कर्माचे ओझे उरत नाही, हा विचार विनोबांनी इतक्या साध्या भाषेत मांडला आहे की कापसाच्या शेतात आयुष्य घालवलेल्या मंडळातील एका काकांना त्यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागले नाही. दहाव्या अध्यायात ईश्वराची रूपे ओळखण्याची तुलना लहान मुलाच्या अक्षरओळखीशी केली आहे. आधी सोपी, ठळक अक्षरे शिकावीत आणि मग जोडाक्षरांकडे वळावे. राम हे सोपे अक्षर आहे आणि रावण हे जोडाक्षर. हा भाग मोठ्याने वाचताना वक्त्याने श्रोत्यांकडे पाहत क्षणभर थांबल्याचा भास होतो. तत्त्वज्ञानाची भीती वाटणाऱ्या कोणत्याही वाचकाला मी हेच पुस्तक आधी सुचवीन. पवनारच्या परंधाम प्रकाशनाची आवृत्ती आटोपशीर आहे, स्वस्त आहे आणि सहज मिळते.

बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी मात्र विस्ताराने लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोदे या गावी झाला आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या ज्या ओव्या रचीत, त्या मुलाने, म्हणजे कवी सोपानदेव चौधरी यांनी, आणि एका नातलगाने वेळोवेळी टिपून ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. हा इतिहास बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो आणि अडचणही तेथूनच सुरू होते. पाठ्यपुस्तकात भेटलेल्या तीन-चार कविता पाठ असल्यामुळे आपण बहिणाबाई वाचल्या आहेत असे वाटत राहते आणि उरलेला संग्रह कपाटातच राहतो.

यंदा आम्ही तो संग्रह ऋतुमानाप्रमाणे वाचत आहोत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आखाजीचे गाणे वाचले. या गाण्यात निंबाच्या झाडाला बांधलेला झोका आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी शब्द दोनदा येतात आणि ओळ ‘जी’वर येऊन टेकते. छापील पानावर ही पुनरुक्ती केवळ गेयतेसाठी असावी असे वाटते. मोठ्याने म्हणताना कळते की झोक्याचे पुढे जाणे आणि परत येणे त्या रचनेतच भरलेले आहे. मंडळातील एका मावशींचे माहेर यावल तालुक्यातील आहे; त्यांनी ते गाणे वाचायला घेतले आणि दुसऱ्या ओळीपासून त्या ते नकळत गाऊ लागल्या. त्यानंतर या संग्रहाचे वाचन त्यांच्याकडेच सोपवले आहे.

ज्यांच्या कानावर बहिणाबाईंची लेवागणबोली पडलेली नाही, त्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की प्रमाण मराठीतील ‘ळ’ येथे बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो. पोळा ‘पोया’ होतो, मिळते ‘मियते’ होते आणि ‘माले’ म्हणजे मला. काही आवृत्त्यांत शब्दार्थ दिलेले असतात, परंतु प्रत्येक शब्दाशी थांबून अर्थ पाहत गेल्यास आठ अक्षरांच्या चरणांची लय तुटते. पहिल्या वाचनात लय सांभाळावी आणि दुसऱ्या वाचनात अर्थ पाहावा, हा क्रम मला लाभदायक ठरला. ‘पेरनी’ आम्ही जूनमध्ये वाचली. ‘कापनी’, ‘रगडनी’ आणि ‘उपननी’ ही गाणी त्या त्या कामांच्या दिवसांसाठी राखून ठेवली आहेत, कारण ती एकापाठोपाठ वाचली तर एका पिकाचा अख्खा प्रवास डोळ्यांपुढे येतो, आणि त्या प्रवासाला प्रत्यक्षात जितके महिने लागतात तितके वाचकानेही द्यावेत असे मला वाटते. उपणनीच्या, म्हणजे धान्य वाऱ्यात सोडून भुसा वेगळा करण्याच्या, गाण्यात खळ्यावर येण्यासाठी वाऱ्याला घातलेली साद आहे. वारा पडल्यामुळे हातात सूप घेऊन ताटकळलेल्या माणसाला ती साद काय सांगते, हे शहरातील वाचकाला समजावून सांगण्यास बराच वेळ लागतो. मळणीयंत्रे आल्यानंतर जन्मलेल्या आमच्याकडच्या मुलांनाही ते आता समजावून सांगावेच लागते. पोळा जवळ आला आहे, त्यामुळे पुढच्या बैठकीत ‘पोया’ वाचायचे ठरले आहे.

या गाण्यांच्या जोडीला मी एकट्याने एक वेगळ्याच प्रकारचे पुस्तक वाचत आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० साली, म्हणजे बहिणाबाईंच्या जन्मवर्षीच, प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि सलग वाचण्यासाठी लिहिलेला नाही. म्हणून मी तो थोडा थोडा वाचतो. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पिके, बाजारपेठा, किल्ले, पांझरेसारख्या नद्यांवरील बंधारे यांची माहिती या खंडात साहेबी शिस्तीने नोंदवली आहे. आपल्या भागातील फडपद्धतीची ज्यांना ओळख आहे, त्यांनी सिंचनावरील पाने अवश्य वाचावीत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, ही व्यवस्था किती विचारपूर्वक उभी राहिली होती याची कल्पना त्या पानांवरून येते.

मात्र हा खंड बहिणाबाईंच्या गाण्यांशेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्याची उणीव कळत नाही. गॅझेटिअरमध्ये विहिरी आहेत, त्यांवर भिजणारी जमीन आहे आणि सारा आहे. बहिणाबाईंच्या मोटेवरील गाण्यात एकाच विहिरीवरच्या दोन मोटा आहेत, कणा आहे, चाक आहे आणि मोट हाकणारा माणूस आहे. ही दोन्ही वर्णने एकाच मुलखाची आहेत. एकात प्रशासनाला हवे होते तेवढे टिपले गेले आणि दुसऱ्यात मोटेच्या पाण्यावर जगणाऱ्या बाईला जे दिसले ते आले. इतिहासाची आवड असणाऱ्यांना मी गॅझेटिअर नक्कीच सुचवीन, परंतु एकट्याने ते वाचू नका, शेजारी गाणी असू द्या, असा आग्रहही धरीन.

‘श्यामची आई’ आम्ही मुलांसाठी घेतले. कथा कोकणातील असली तरी लेखक अमळनेरचे शिक्षक होते. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी येथील प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केले, वसतिगृहातील मुलांना सांभाळले आणि त्यांच्यासाठी ‘विद्यार्थी’ मासिक चालवले. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याची प्रकरणे बेचाळीस रात्रींत विभागलेली आहेत, कारण श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. धुळ्याच्या तुरुंगात रविवारच्या क्रमाने बोललेला शब्द ज्यांनी टिपून घेतला, त्यांनी पुढच्याच वर्षी स्वतःचे पुस्तक रात्रींच्या क्रमाने रचावे, यात मला एक आंतरिक धागा दिसतो; हे माझे अनुमान आहे, पण दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचल्यावर ते मनातून जात नाही. मुलांना रोज एकच रात्र वाचून दाखवावी. पुस्तक भावुक असल्याचा आक्षेप नेहमी घेतला जातो. एका दमात वाचणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु रोज एक आठवण ऐकणाऱ्या मुलांनी आमच्याकडे रडण्यापेक्षा प्रश्नच अधिक विचारले.

‘कोसला’चे पुनर्वाचन गेल्या महिन्यात पूर्ण झाले. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म यावल तालुक्यातील सांगवीचा, १९३८ सालचा. ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ते पंचविशीत होते. महाविद्यालयात असताना मी ती पुण्यातील विद्यार्थिजीवनाची कादंबरी म्हणून वाचली होती. आता, गावी स्थिरावल्यानंतर वाचताना, नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मनूच्या, मृत्यूचा भाग आणि त्यानंतरचे गावाकडचे दिवस हाच कादंबरीचा गाभा असल्याचे जाणवले. नायक पांडुरंग सांगवीकर आपली हकिगत सांगत असतो, आणि ज्या ‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ या शब्दांची पुढे इतकी चर्चा झाली, ते मोठ्याने वाचताना त्याच्या बोलण्यातील श्वासासारखे आपापल्या जागी बसतात. दुःखाजवळ येताना तो हे शब्द कोठे वापरतो आणि कोठे गाळतो, याकडे लक्ष द्यावे. तरुण वाचकांना ही कादंबरी सुचवताना आपण तिच्यातील बंडखोरीचेच कौतुक फार करतो. धाकट्या बहिणीवरील माया सांगून ती सुचवली तर ती अधिक वाचली जाईल, असे मला वाटते.

त्याच लेखकाची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही २०१० सालची कादंबरी सध्या निम्म्यावर आहे. उत्खननाच्या कामात असलेला खंडेराव वडील मृत्युशय्येवर असल्याचे कळून मोरगावला परततो आणि आठवणींच्या ओघात गाव, जाती, नातलग, शेती, बायकांची दुःखे असे सर्व काही येत जाते. ही मात्र मोठ्याने वाचून संपणारी कादंबरी नाही. तिची पाने पुष्कळ आहेत आणि ओघ सतत फाटे फोडतो, म्हणून मी नात्यांचा एक तक्ता कागदावर काढून पुस्तकात ठेवला आहे. खानदेशातील एकत्र कुटुंबे आणि बायकांच्या वाट्याला येणारे कष्ट यांविषयीची पाने इतकी जिवंत आहेत की सैल वाटणारे भागही सोडवत नाहीत. नव्या वाचकाने नेमाडे यांची सुरुवात मात्र या कादंबरीने करू नये.

बालकवींच्या कविता अधूनमधून वाचल्या. त्यांचा जन्म १८९० सालचा, धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता पाठ करून ठेवावी, एवढेच सुचवतो.

शहादा भागातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह नुकताच हाती घेतला आहे. त्यातील ‘स्टेज’ ही कविता आमच्या बैठकीत वाचली गेली, तेव्हा पुढचे पुस्तक लगेच उघडावेसे कोणालाही वाटले नाही. आदिवासींच्या दुःखाविषयी व्यासपीठावरून इतर बोलतात आणि ज्यांचे दुःख आहे ते खालीच बसून राहतात, हा तिचा विषय आहे. गॅझेटिअरमध्ये भिल्लांविषयी पानेच्या पाने आहेत. ती वाचलेल्या प्रत्येकाने ही कविता वाचलीच पाहिजे. संग्रहाविषयी सविस्तर पुढच्या नोंदीत लिहीन.

पोळ्यानंतर नेमाडे यांचीच ‘बिढार’ ही कादंबरी सुरू करणार आहे. त्याशिवाय अहिराणीतील गद्य पुस्तके मंडळाला हवी आहेत, कारण आतापर्यंतच्या यादीत बोलीतील कविता भरपूर आहे आणि कथा-कादंबऱ्या जवळजवळ नाहीत. धुळे, साक्री किंवा नंदुरबारकडच्या वाचकांनी आपण स्वतः वाचलेली आणि मोठ्याने वाचण्याजोगी अशी पुस्तके सुचवावीत; तालुक्याच्या वाचनालयात मिळण्याजोगी असतील तर दिवाळीपूर्वी त्यांतील एक तरी वाचायला घेता येईल.