पाठीतलं पाणी काढतो म्हटलं की पाहुणे का घाबरतात

मामांना मिरजेत ॲडमिट केलं, डॉक्टर म्हणाले पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते, तपासायला लागेल, झालं, तासगावपासून जतपर्यंत सगळ्या पाहुण्यांचे फोन सुरू, सही करू नका, कंबर कायमची जाते म्हणे! अहो, मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सुई त्याच्याखाली घालतात. पण ऐकतंय कोण.

संधिवातासाठी मामा कित्येक वर्षं स्टेरॉइड खातायत, निम्म्या वेळा चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून. डोकं दुखायला लागलं तर आधी पित्त झालं, मग सायनस, मग चष्म्याचा नंबर. पाठीतल्या पाण्यात साखर कमी, प्रोटीन जास्त आलं, म्हणजे टीबीचा मेंदूज्वर असणार असंच सगळ्यांना वाटलं कारण त्यात पण असंच येतं. मग काळ्या शाईची टेस्ट केली. पाण्याच्या थेंबात इंडिया इंक मिसळून मायक्रोस्कोपखाली बघतात, एका बुरशीच्या जाड आवरणात शाई शिरत नाही, म्हणून काळ्यावर पांढरी गोल कडी दिसतात. तीच निघाली, क्रिप्टोकोकस! २०२१ ची काळी बुरशी ती वेगळी बरं का, ती नाकातून डोळ्याकडं जायची. ही श्वासातून फुफ्फुसात जाते, तिथनं मेंदूच्या आवरणात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत असते, आपल्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, पण मामांसारखी स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दाबलेली असली की धरते. एकाची दुसऱ्याला लागत नाही, तरी मावशी दारातूनच बघून गेली.

आणि गंमत बघा, ज्याला सगळे घाबरत होते तोच उपचार निघाला. बुरशीमुळं पाण्याचा निचरा तुंबतो, डोक्यात प्रेशर वाढतं, नजर जाऊ शकते, म्हणून परत परत पाणी काढतात. प्रत्येक वेळी मामांचं डोकं तासाभरात हलकं व्हायचं. खरं तर भ्यायचं तर आत काय घालतायत त्याला भ्यावं, २०१२ ला अमेरिकेत पाठीत द्यायच्या स्टेरॉइड इंजेक्शनांतच बुरशी निघाली, ७५० च्या वर लोक आजारी पडले आणि ६० च्या वर गेले.

बुरशी मारायचं ॲम्फोटेरिसिन मात्र बेकार औषध, थंडी वाजून हुडहुडी भरते, पोटॅशियम उतरतं, किडनीवर सारखं लक्ष. आता बुरशीवरच्याच फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या वर्षभर. स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतायत, आणि मामी मेडिकलवाल्याला जाऊन दम देऊन आलीय.