अण्णांना सापडलेलं काळं रान

मे महिन्याची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि अण्णांचा व्हिसा हे सगळं एकदाचं जुळलं आणि आम्ही कोथरूडहून दादाकडे टाउन्सव्हिलला पोचलो. दादा म्हणाला वीकेंडला स्टेशनवर जाऊ, तर धाकटीचा पहिला प्रश्न, गाडी किती वाजता आहे? ऑस्ट्रेलियात स्टेशन म्हणजे गुरांचं रान हो. हजारो एकर जमीन, मध्ये एक घर, बाकी गुरं आणि गवत, आणि सगळ्यात जवळचा शेजारी तीस किलोमीटरवर.

टाउन्सव्हिलहून पश्चिमेला जवळपास चारशे किलोमीटर गेलं की ह्युएंडेन नावाचं गाव लागतं, तिथून पुढे अजून ऐंशी, त्यातला निम्मा रस्ता मातीचा. वाटेत रोड ट्रेन भेटते, म्हणजे एका ट्रकला तीन डबे, ५३ मीटरपर्यंत लांब, आपल्या पीएमटीच्या चार बस एकामागे एक उभ्या केल्या तरी कमी पडतील. ती समोरून आली की दादा गाडी बाजूला घेऊन गप उभा राहायचा. अंधार पडायच्या आत पोचायचं होतं कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. स्टेशनच्या हद्दीत शिरल्यावर पाच फाटकं, आणि नियम एकच, फाटक जसं असेल तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. हे काम पोराकडे दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मोबाईल न मागता दीड तास काढला (रेंजच नव्हती, पण तरी).

मालकीणबाई साठीच्या, टोपी, बूट, हात राकट. म्हणाल्या आमचं स्टेशन तसं छोटंच, पन्नास हजार एकर. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सांगोल्याला आमची साडेचार एकर आहे आणि त्यावरून दोन काका बोलत नाहीत. दादाने मग सांगितलं की दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲना क्रीक नावाचं एकच स्टेशन निदान आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं आहे. अण्णा म्हणाले, तलाठ्याचे हाल असतील.

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी. मोटरसायकल आणि दोन कुत्री लावून कळप लोखंडी कोंडवाड्यात आणला, धुरळा असा की माझ्या पांढऱ्या कुर्त्याची वाट लागली. अण्णा कठड्याला टेकून बघत होते आणि एकदम म्हणाले, "अगं, ही तर आपली गुरं!" खरंच की. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, लांब कान. मी म्हणलं अण्णा, खिलार? तर मला वेड्यात काढलं, "खिलार कशी असेल, कान बघ की! गीरचं रक्त आहे यात."

आणि माणूस बरोबर निघाला! या जातीला ब्राह्मन म्हणतात. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली, अशी गुरं अमेरिकेत नेऊन तिकडे ही जात तयार केली आणि १९३३ साली ती ऑस्ट्रेलियात आणली. कारण विलायती गाई इथल्या उन्हाने आणि गोचिडांनी हैराण व्हायच्या, आणि यांना दोन्हीचं काही वाटत नाही. मालकीणबाईंनी हे सांगितलं आणि मी भाषांतर करत होते, पण अण्णांचं अर्धं लक्ष एका खोंडाकडे. जिभेने टॉक टॉक करून त्याला बोलवायला लागले. खोंडाने ढुंकूनही बघितलं नाही, कुत्रं मात्र पळत आलं.

नंतर अण्णांनी विचारलं, म्हातारी झाली की काय करता यांना? मला भाषांतर करायचं जिवावर आलं, तरी केलं. बाई सरळ म्हणाल्या, म्हातारी होईपर्यंत ठेवत नाही, ट्रकमध्ये जातात. अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "दुष्काळात आपण बाजारात सोडून आलो ती कुठं गेली, ते तरी आपण कुठं विचारलं." यावर कोणीच काही बोललं नाही.

जेवणाचं मी घाबरत होते पण वहिनीने बेसन आणि ज्वारीचं पीठ गाडीत टाकलेलंच होतं. निखाऱ्यावर त्यांच्या जाड बिडाच्या भांड्यात पिठलं, बाजूला त्यांचा डॅम्पर नावाचा पाव, बाईंनी दोनदा घेतलं. अंघोळीचं पाणी बोअरचं, जमिनीखालूनच गरम येतं, वास मात्र उकडलेल्या अंड्याचा.

पोरांना सगळ्यात आवडली ती औषधांची पेटी. प्रत्येक औषधाला नंबर. आजारी पडलं की फ्लाइंग डॉक्टरला फोन करायचा, ते सगळं विचारून सांगतात अमुक नंबरची गोळी द्या, आणि अगदीच गंभीर असेल तर विमान येतं. १९२८ पासून चालू आहे हे, क्लॉनकरी गावातून सुरू झालं. आमच्या सोसायटीत ॲम्ब्युलन्स पार्किंगमुळे आत वळत नाही, असो.

रविवारी पहाटे पाऊस. एरवी मे महिन्यात तिकडे पडत नाही म्हणे, आमच्या नशिबात होता. नवरा बॅगा घेऊन तयार, कारण सिडनीचं हॉटेल नॉन-रिफंडेबल होतं आणि ते त्याने आम्हाला शुक्रवारपासून सहा वेळा सांगितलं होतं. अण्णा पायरीवरून खाली उतरले, दोन पावलं टाकली, चपलेला वीतभर चिखल. ढेकूळ उचललं, बोटांनी दाबलं. "काळं रान आहे रे हे. आपल्यासारखंच. यात गाडी घातलीस तर बैलजोडी लागेल काढायला." दादा म्हणाला अण्णा, फोर व्हील ड्राइव्ह आहे. तेवढ्यात बाई आल्या आणि म्हणाल्या आज कोणी कुठे जाणार नाही.

मग काय, दोन दिवस. अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ एक ढेकूळ फोडून बघायचे आणि मान हलवायचे. वाफसा, म्हणजे पावसानंतर रान पाय घालण्याजोगं सुकणं, या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सापडलं नाही, पण तिसऱ्या दिवशी बाईही त्यांच्या शेजारी उकिडव्या बसून माती चुरत होत्या. दोघांनी एकदमच मान डोलावली आणि नवरा बॅगा उचलायला पळाला.