किती फुटाला काय बुडतं: आमच्या गावाचा पूरतक्ता

शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. तिथं दत्तमंदिरात पाणी चढून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की त्या ‘दक्षिणद्वार’ स्नानाला गर्दी होते. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या ग्रामपंचायतीत ठरलं, की किती पाण्याला गावातलं काय बुडतं हे एकदा कागदावर काढायचं. काम माझ्याकडं आलं.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर कुठं बांधू नये हे त्या सांगतात. आमचा प्रश्न होता म्हशी आज रात्री हलवायच्या की उद्या सकाळी, आणि त्याचं उत्तर त्या नकाशात नव्हतं.

मग भिंती बघत फिरलो. रंग दिला तरी पुराची रेघ कुठं ना कुठं उमटलेली असते. पुरुषमंडळी ‘छातीएवढं हुतं’ म्हणून मोकळी. नेमकी माहिती बायकांकडं, कारण गाळ त्यांनी काढला. एका आक्कांनी फडताळाच्या फळीवर बोट ठेवलं, “एकोणीसला हितं. एकवीसला त्या खालच्या फळीला.” शाळेचं जोतं शून्य धरलं आणि गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन एकेक खूण त्या पातळीशी जोडत गेलो. यंत्र भाड्यानं आणण्यापेक्षा हे स्वस्त, आणि गल्लीतली पोरं हौसेनं नळी धरतात.

खुणा मांडल्यावर एक गोष्ट नजरेत भरली. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तिथं २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला त्याहून जास्त, ५६ च्या वर. आमच्या भिंतींवर मात्र एकोणीसची रेघ वर! उलगडा सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर झाला. तिथं २०१९ ला ५७ फूट ओलांडले होते, २०२१ ला ५५ च्या आसपास. म्हणजे आम्हाला बुडवते ती कृष्णा. ती फुगली की पंचगंगेला पुढं जागा मिळत नाही आणि पाणी मागं चढतं. आणि आम्ही इतकी वर्षं मोबाइलवर फक्त राजाराम बंधारा बघत बसायचो.

आयर्विनचा आकडाही पुरत नाही. वारणा कृष्णेला हरिपूरला मिळते, ते सांगलीच्या खाली. वारणेचं पाणी धरून अंदाज हवा तर त्या संगमाच्या खालच्या अंकली पुलाची पातळी बघावी लागते. म्हणून तक्त्यात तीन रकाने केले: राजाराम, आयर्विन, अंकली. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला की त्याचीही नोंद शेजारी करायची.

सगळ्यात जास्त वाद रस्त्यांवर झाला. घरात पाणी कधी येतं हे प्रत्येकाला पाठ, पण गावाबाहेर पडायची वाट कधी बंद होते हे कुणी नीट मोजलं नव्हतं. ओढ्यावरचा पूल मोजला तर तो शाळेच्या जोत्यापेक्षा बराच खाली निघाला. पहिल्या घराला पाणी लागण्याच्या कितीतरी आधी ट्रॅक्टर अडकणार. तात्या म्हणाले, “मग उंबऱ्याला पाणी लागायची वाट बघायचीच न्हाई.” तक्त्यात पहिली ओळ पुलाची घातली. तिथं पाणी टेकायच्या आधी जनावरं, म्हातारी माणसं आणि बाळंतिणी बाहेर. जनावरं आधी लिहिली, कारण गोठ्यात म्हैस असली की माणूस घर सोडत नाही. बोट आली तरी सोडत नाही.

तक्ता आता चावडीच्या भिंतीवर रंगवलाय. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानाच्या बाजूनं नव्या रस्त्याचा भराव पडतोय, त्यामुळं पाणी कुठून वळेल याची खात्री नाही. त्या कडेच्या घरांपुढचे आकडे सध्या खडूनंच लिहिलेत.