नवे बुश, तेही फाटलेले

"ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते आणि खालून धप्प असा आवाज येतो." गिऱ्हाईकाची तक्रार एवढीच होती. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, उमेदीची सगळी वर्षं मोटार कारखान्यात काढलेले. गाडी १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल 'एसएस ३९६', लाल रंग, बॉनेटवर दोन काळे पट्टे. (त्या वर्षी इंजिन खरं तर ४०२ घनइंचाचं झालं होतं, पण ३९६ या आकड्याचा दबदबाच असा की कंपनीने बिल्ला बदलला नाही.)

मी मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांच्या गॅरेजात काम करतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असते. १९९५ पासून ही जत्रा भरते आणि तिच्या आधी आमच्याकडे गाड्यांची रांग लागते. या आजोबांनाही त्या दिवशी शेव्हेल रस्त्यावर काढायचीच होती.

त्यांची फाइल चोख होती. टाय रॉड एंड बदलले, स्टिअरिंग बॉक्स बदलला, कॅलिपर बदलले, सगळ्याच्या पावत्या. लोअर आर्मचे, म्हणजे चाक चेसीसला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश (सांध्यातली रबरी अस्तरं) चार वर्षांपूर्वी बदलल्याचीही पावती होती आणि तिनेच सगळ्यांना चकवलं. बुश नवे आहेत म्हटल्यावर तिकडे पुन्हा कोण बघतंय?

मी आधी टू-पोस्ट लिफ्टवर गाडी घेतली. या लिफ्टवर बॉडी उचलली जाते आणि चाकं लोंबकळतात. डाव्या आर्मच्या मागच्या बुशवर टॉर्च मारला, तर रबर अखंड. भेग नाही की काही नाही. टायर मात्र आतल्या कडेने साफ झिजलेला. एवढ्यावर मन मानेना. मग गाडी फोर-पोस्ट लिफ्टवर चढवली, म्हणजे चाकं टेकलेली आणि वजन सगळं स्प्रिंगांवर. पुन्हा टॉर्च मारला, तर तोच बुश वाकुल्या दाखवत होता! मधल्या नळीभोवती अर्ध्याहून जास्त रबर सुटलेलं, आणि त्या फटीत माझं नख सहज गेलं. टॉमी (लोखंडी पहार) घालून जरा दाबलं तर आर्म मागेपुढे डुलला. ब्रेक लागला की डावं चाक मागे सरकणार आणि गाडी तिकडे ओढणार, हे उघड होतं.

चार वर्षांत रबर असं का फाटावं? या बुशात नळी फिरत नाही. बाहेरची वाटी आर्ममध्ये प्रेसने ठोकलेली असते, आतली नळी बोल्टने चेसीसला आवळलेली असते, आणि मधलं रबर दोघांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की रबर पिळलं जातं आणि सोडलं की मूळ जागी येतं. म्हणून शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असतानाच करायचं. चार वर्षांपूर्वी बुश बदलणाऱ्या मिस्त्रीने चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकले असणार. गाडी खाली उतरली त्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं राहिलं, आणि वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. लोंबकळत्या चाकांवर फट का मिटत होती, याचंही उत्तर यातच होतं: तिथे पीळ सुटत होता.

गंमत म्हणजे मागच्या ॲक्सलचे वरचे बुश बहुधा कारखान्यातलेच होते. पन्नास वर्षांचं रबर, वरून भेगाळलेलं, पण नळीपासून कुठेही सुटलेलं नाही.

आजोबांच्या मित्रांनी त्यांच्या डोक्यात रबराऐवजी पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, बुश भरवले होते. मी सरळ नाही म्हटलं. रेसच्या गाडीला ठीक आहे. रोजच्या रस्त्यावर ते हादरे देतं, ग्रीस सुकलं की किरकिरतं. आणि पुढेमागे कोणी मागच्या तिरक्या आर्मनाही तेच बसवलं, तर ॲक्सलला जी थोडी वाकायची मुभा लागते तीच जाते. "मग रबर घाल," ते म्हणाले, "पण या वेळी नीट."

काम सगळं ठाऊक असलेलं, तरी स्प्रिंग काढताना मी कोणाशी बोलत नाही. लोअर आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून चेसीसला साखळी, आणि बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचा) नट काही आटेच सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागावर) बाजूने हातोड्याचे घाव बसले की सांध्याचा घट्ट बसलेला निमुळता दांडा सुटतो, तेव्हा तो नटच सगळं धरून ठेवतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पद्मिनीच्या स्प्रिंगा उतरवताना उस्तादाने हे शिव्यांसकट शिकवलं होतं.

त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने एक बोल्ट नळीतच धरला होता. तो शेवटी कापावा लागला. जुने बुश दाबून काढताना आर्मच्या दोन कानांमध्ये पाइपचा तुकडा अडकवला, नाहीतर कान आत वाकतात आणि नवा बुश सरळ बसत नाही. वरच्या आर्मच्या शाफ्टमागच्या पत्र्याच्या पट्ट्या, ज्यांच्या जाडीवर चाकाचा कोन ठरतो, बोल्टनिहाय तारेत ओवून ठेवल्या.

सगळं जोडलं, पण बोल्ट हातानेच टेकवले. गाडी फोर-पोस्टवर घेतली, पुढून चार-पाच वेळा दाबून हलवली, थोडी मागेपुढे ढकलली आणि मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा पाना, हातात घेतला. आजोबा शेजारी उभे राहून प्रत्येक 'टक्' मोजत होते. अलाइनमेंटला कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) जुन्या पुस्तकापेक्षा जास्त ठेवला, कारण पुस्तकातले आकडे जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरांचे आणि गाडीला आता आजचे रेडियल टायर आहेत.

चाचणीला स्टिअरिंग त्यांच्याच हातात दिलं. वुडवर्डवर मोकळी लेन बघून त्यांनी बोटं जरा सैल सोडली आणि जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली, धप्प नाही. त्यांनी खात्रीसाठी आणखी दोनदा तेच केलं. परत आल्यावर पहिला प्रश्न, "मागचे कधी करायचे?" मी म्हटलं, ते अजून धरून आहेत, हिवाळ्यात आणा. बिलावर मात्र त्यांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली: बोल्ट चाकं टेकवून आवळले.