तिरफळं नसलेलं तिखलं

कोल्हापुरातल्या माझ्या ॲलर्जीच्या ओपीडीत काका आले ते शिंकांसाठी. सकाळी उठल्यापासून वीस-वीस शिंका, नाक चोंदलेलं. जुनी फाईल चाळताना पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलेलं दिसलं: ‘माशांची ॲलर्जी.’ मी विचारलं, “हे कधीपासून?” काका काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, “सहा वर्षं झाली. मालवणचा माणूस, नि ताटात मासा नाही.”

(हे त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

शिंका बाजूला ठेवून मी ती हकिगत पहिल्यापासून ऐकली. मे २०१७. काका मालवणला बहिणीकडं गेले होते. परतताना बहिणीनं सकाळीच बंदरावरून आणलेले बांगडे पिशवीत घालून दिले, वर मूठभर बर्फ. एसटी फोंडा घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत तीन तास गेले. घरी पोचले तेव्हा बर्फाचं कधीच पाणी झालेलं, पिशवी कोमट. पण माशाला वास नव्हता. काकांनी स्वतः हुंगून पाहिलं होतं, आणि त्यांच्या नाकाला कोण फसवणार!

काकूंनी निम्म्या बांगड्यांचं तिखलं केलं, निम्मे साफ करून फ्रीजरमध्ये टाकले. काका जेवून उठतायत तोवर चेहरा नि छाती लालभडक, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, पाठीवर चट्टे. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतल्यावर दोनेक तासांत उतरलं. काहीतरी बाधलं असेल म्हणून सोडून दिलं. आठ दिवसांनी फ्रीजरमधले बांगडे काढून तळले, तर पुन्हा तेच.

दोनदा झाल्यावर ॲलर्जीचा शिक्का बसला. तो लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. तोच पदार्थ, तीच लक्षणं, तीही दोनदा. घाईच्या ओपीडीत मीही कदाचित तेच लिहिलं असतं. फक्त तो शिक्का बांगड्यापुरता राहिला नाही. सुरमई, पापलेट, कोळंबी, तिसऱ्या, सुकट, सगळंच बंद झालं. काका गावी जायचेच कमी झाले. गेले तरी बहीण त्यांच्यासाठी वेगळी डाळ शिजवायची नि पदराला डोळे पुसायची. “माझ्या हातचंच बाधलं माझ्या भावाला,” हे तिच्या मनातून गेलं नव्हतं. हे सांगताना काकांचा आवाज गेला. मला राहून राहून त्या बहिणीचंच वाईट वाटत होतं.

अशा वेळी मी एक प्रश्न हमखास विचारते: तुमच्याबरोबर आणखी कोण जेवलं होतं? काकू मासे खात नाहीत. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिनं एक तुकडा खाल्ला होता. आता ती पुण्यात असते. काकूंनी ओपीडीतूनच तिला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, माझं पण डोकं दुखत होतं की त्या रात्री. तोंड लाल झालेलं. तू म्हणालीस ऊन लागलं.”

मग मी काकांना चव विचारली. ते म्हणाले, “चव फर्मास होती. जरा जास्तच चुणचुणत होती जिभेला. तिरफळं जास्त पडली होती.” (तिरफळं म्हणजे माशाच्या कालवणात घालतात तो, जीभ चुणचुणवणारा मसाला.)

काकू झटकन म्हणाल्या, “तिरफळं संपली होती हो. मी घातलीच नव्हती.”

खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही. माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. तिरफळाशिवाय बांगडा जिभेला झोंबत असेल, तर झोंबणारी गोष्ट माशातच होती.

बांगडा, सुरमई, ट्यूना, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत हेच हिस्टामिन आपलं शरीर सोडतं. इथं ते तयार होऊनच ताटात येतं. म्हणून लक्षणं हुबेहूब तशीच, आणि ॲलर्जीच्या गोळीनं उतरतातही. माशाला वास येईलच असं नाही. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. काकांना दोन वेळा दोन वेगळे मासे बाधले नव्हते. एकाच पिशवीतला मासा दोनदा बाधला होता.

पण नुसत्या तर्कावर मासे खा म्हणून सांगता येत नाही. माशाची खरी ॲलर्जी जिवावर बेतू शकते. शिंकांची गोळी आठवडाभर थांबवून मी त्यांच्या हातावर टोचणीची तपासणी केली. त्यात तुलनेसाठी एक थेंब हिस्टामिनचाच असतो. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर माशांच्या थेंबांखाली काही नाही, नि त्या एका थेंबाखाली टपोरी गांध. “सहा वर्षं ज्यानं छळलं ते हे,” मी बोट ठेवून दाखवलं. काका बराच वेळ हाताकडं बघत राहिले.

शेवटची खात्री म्हणजे डॉक्टरांसमोर खाऊन बघणं. हे घरी कुणी, कधीही करू नये. त्यासाठी हॉस्पिटलची खाट हवी, जिवावर बेतलं तर टोचायचं ॲड्रिनलिन हाताशी हवं, हातात सुई लावलेली हवी. श्रावण पाळायचा होता, मग गणपती, मग पितृपक्ष. म्हणून ऑक्टोबर उजाडला. बांगडे बहिणीनंच पाठवले. थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, वर बर्फ, मासा मध्ये. खोकं उघडलं तेव्हा हात बधिर होईल इतकं गार होतं.

पहिला घास नखाएवढा, नुसता मीठ लावून उकडलेला. काकांचा हात थरथरत होता. वीस मिनिटं. नाडी, रक्तदाब, छाती. मग जरा मोठा घास. पुन्हा वीस मिनिटं. तिसऱ्या घासानंतर त्यांनी मान खाजवली, नि आमची सिस्टर धावत आली, डास होता. शेवटी अख्खा बांगडा संपला. पुढं दोन तास मी त्यांना हलू दिलं नाही. काही झालं नाही.

काकूंनी डबा आणला होता. मी हो म्हटल्यावर उघडला: तिखलं, भात, सोलकढी. काकांनी पहिला घास घेतला आणि थांबले. चेहरा एकदम उतरला. “अगो, जिभेला चुणचुणतंय.”

माझा हात ॲड्रिनलिनच्या ट्रेकडं गेला.

“तिरफळं आहेत ती,” काकू म्हणाल्या. “मोजून सात घातलीत.”

काकांनी वाटीत बोट घालून एक तिरफळ वर काढलं, उजेडात धरलं, डब्याच्या कडेला ठेवलं. मग एकेक करत सातही काढून ओळीनं मांडली आणि जेवायला लागले. मध्येच, आमच्याकडं न बघता, म्हणाले, “बरां लागता हा.”